गेरूच्या शिडांची बोट: थेम्स बार्जचं लाकडी किट पहिल्यांदाच बांधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलानं इंग्लंडहून थेम्स सेलिंग बार्जचं लाकडी किट आणलंय, प्रमाण १:६४. डबा उघडून दोन आठवडे झाले, सूचनापत्रक तीनदा वाचून झालं, पण एकही तुकडा चिकटवायचा धीर होत नाही. याआधीचं लाकूडकाम म्हणजे घरातलं एक स्टूल. तेव्हा बांधू की नको, सुरुवात कुठून करू, शिडं लावू की नुसत्या काठ्या ठेवू, आणि किती दिवस लागतील?

बांधा. पहिलं मॉडेल म्हणून बार्ज मिळाली हे तुमचं नशीब समजा. आपल्याकडे या छंदात येणारा माणूस पहिल्याच दिवशी तीन डोलकाठ्यांच्या, चाळीस तोफांच्या जहाजावर डोळा ठेवून येतो. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे. ती बघून आलेले दोघे जण माझ्याकडे विचारायला आले होते. दोघांचेही सांगाडे अजून माळ्यावर आहेत. बार्जचं तसं होत नाही. तळ सपाट, बाजू बऱ्याच लांबीपर्यंत सरळ, तोफ एकही नाही, आणि दोऱ्या मोजक्या. अवघड जागा आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

माझी ओळख एवढीच, की कोल्हापुरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करण्यात माझं आयुष्य गेलं. सागाचा आणि शिवणीचा भुसा छातीत भरून निवृत्त झालो आणि मग हे सुरू केलं. आतापर्यंत तीन बार्ज बांधल्या. पहिली बिघडली, ती कशी बिघडली तेही सांगतो.

आधी ही बोट काय होती ते डोक्यात बसवा, कारण सूचनापत्रकात 'भाग क्रमांक ४७ हा भाग क्रमांक ३१ वर चिकटवा' एवढंच असतं. थेम्स नदीच्या मुखाशी आणि आसपासच्या एसेक्स, केंटच्या खाड्यांतून माल वाहणारी ही बोट. आपल्याकडच्या पडावाची चुलत बहीण म्हणा. लांबी साधारण ८०-९० फूट, पोटात शंभर-दीडशे टन माल, आणि चालवायला माणसं किती? दोन. एक कप्तान, एक हाताखालचा, आणि तोही बऱ्याचदा पोरगाच. विटा, सिमेंट, धान्य, वाट्टेल ते वाहायचे. लंडनच्या घोड्यांसाठी गवत न्यायचे, डेकवर दहा-बारा फुटांची गंजी रचून. कप्तानाला पुढचं काही दिसायचं नाही, म्हणून हाताखालचा गंजीवर उभा राहून ओरडून दिशा सांगायचा. येताना त्याच घोड्यांची लीद शेतांसाठी भरून आणायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा बार्ज हजारोंनी होत्या. ग्रीनहाइथला १९०६ साली बांधलेली 'केंब्रिया' १९७० पर्यंत इंजिनाशिवाय, केवळ शिडांवर माल वाहत होती. म्हणजे आपल्याकडे बजाजच्या स्कूटर धावत होत्या तेव्हा.

दोन माणसं हा आकडा मुद्दाम सांगितला. एवढी मोठी बोट दोघांत चालवायची म्हटल्यावर तिच्यावरची प्रत्येक वस्तू त्या हिशेबानं बेतलेली आहे. मॉडेल करताना कुठल्याही दोरीपाशी अडलात तर एकच प्रश्न विचारा: ही दोरी शेवटी कोणाच्या हातात येते, आणि तो माणूस तेव्हा कुठे उभा असतो? मी तिसरी बार्ज जवळजवळ सूचनापत्रक न उघडता बांधली ती या एका प्रश्नावर.

आता काम. पहिल्या आठवड्यात काहीही चिकटवू नका. किटमधला लेझरनं कापलेला प्लाय बाहेर काढा आणि ज्या खोलीत मॉडेल बांधणार त्याच खोलीत सपाट जागी, वर चार जाड पुस्तकं ठेवून, आठ-दहा दिवस पडू द्या. इंग्लंडातल्या गोदामातून आलेलं लाकूड आपल्या हवेला सरावायला हवं. तुम्ही ठाण्यात राहता, म्हणजे जून ते सप्टेंबर विसराच. त्या दिवसांत दोऱ्या वळा, कप्प्या घासा, शिडं रंगवा, पण सांगाडा जोडू नका.

ही अक्कल मला विकत घ्यावी लागली. पहिली बार्ज मी ऐन श्रावणात बांधायला घेतली, निवृत्तीचा उत्साह होता. कणा डब्यातच जरासा वाकलेला आला होता. सूचनापत्रकात लिहिलं होतं की फासळ्या बसल्या की आपोआप सरळ होईल. तीस वर्षं लाकूड हाताळलेल्या माणसानं यावर विश्वास ठेवायला नको होता, पण छापलेल्या कागदाचा मान राखला. फासळ्या बसवल्या, वर डेक चिकटवला, दिसायला झकास. दिवाळीपर्यंत हवा कोरडी झाली, प्लाय आकसला आणि हलला, म्हणजे बोटीच्या धडाला, पीळ पडला. फार नाही, शेवटच्या फासळीपाशी तीन मिलिमीटर. पण बार्जचा सगळा रुबाब तिच्या सपाट बुडात आहे. ओहोटीला पाणी गेलं की ती चिखलावर ताठ बसते. तशीच बसावी म्हणून ती तशी बांधतात. माझी मात्र एक पाय आखूड असलेल्या खुर्चीसारखी डुगडुगते. पाहुण्यांना मी सांगतो, वाऱ्यानं कललीय. खाली घडी घालून बसची दोन तिकिटं ठेवली आहेत.

तेव्हा पहिलं हत्यार म्हणजे सपाट पाया. संगमरवर-ग्रॅनाइटच्या दुकानात ओट्याचे उरलेले तुकडे मिळतात, त्यातला दोन फूट लांब, आठ इंच रुंद तुकडा मागा. बहुतेक वेळा फुकट देतात. तो पाणसळ लावून टेबलावर ठेवा. कणा आणि फासळ्या आधी कोरड्याच, गोंद न लावता, खाचेत बसवून बघा. खाच घट्ट असेल तर कानशीनं एक-दोन हात मारा. हातोडी लांब ठेवा. फासळी अंगठ्याच्या दाबानं बसली पाहिजे. प्रत्येक फासळी कण्याशी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते छोट्या गुण्यानं दोन्ही बाजूंनी तपासा. मगच गोंद: साधा पांढरा फेविकॉल. फेविक्विक सांगाड्याला नको, तो चूक दुरुस्त करायला पाच सेकंदही देत नाही.

पीळ ओळखायची आमच्या धंद्यातली जुनी युक्ती सांगतो. दोन सरळ पट्ट्या घ्या, फूटभर लांब. एक सगळ्यात पुढच्या फासळीवर आडवी ठेवा, दुसरी सगळ्यात मागच्या. आता एक डोळा मिटून पुढच्या पट्टीवरून मागची बघा. दोन्हींच्या कडा एकमेकींना समांतर दिसल्या की झालं. एक टोक वर, एक खाली दिसलं की पीळ आहे. पट्टी लांब असल्यामुळे फासळीवरचा अर्धा मिलिमीटर टोकाला दीड होऊन दिसतो. गोंद ओला असतानाच हे बघा, पीळ असेल तर हलकेच उलटा दाब देऊन वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. वाळल्यावर आतून सगळीकडे चपडी लाखेच्या पॉलिशचे दोन हात मारा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात प्लाय पाणी पिणार नाही. हे कुठल्याच सूचनापत्रकात लिहिलेलं मला दिसलं नाही. ते लिहिणाऱ्यांनी आपला जुलै बघितलेला नसतो.

यानंतर फासळ्यांच्या कडा तासायच्या. मॉडेल चांगलं की वाईट हे इथे ठरतं, आणि लोक इथेच घाई करतात. लेझरनं फासळीची कड काटकोनात कापलेली असते. पण नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, बाजूवर बसणारी लाकडी पट्टी तिरकी वळत जाते, त्यामुळे ती फासळीच्या एकाच टोकदार कोपऱ्यावर टेकते. तिला पूर्ण कडेवर टेकवायचं तर कड तिरकी घासावी लागते. लाकडी ठोकळ्याला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि एकावेळी किमान तीन फासळ्यांवरून लांब हात फिरवा. एका फासळीवर घासलंत तर तिथे खड्डा पडणार. दर दहा-बारा हातांनी एक सुटी पट्टी फासळ्यांवर आडवी धरा, पलीकडून मोबाइलचा टॉर्च लावा. पट्टी आणि फासळी यांच्यात उजेडाची रेघ दिसली की तिथे अजून काम आहे. उजेड पुढच्या बाजूनं येतो की मागच्या, त्यावरून कुठली कड घासायची ते कळतं. जिथे फासळीच बुटकी निघेल तिथे लाकडाची पातळ चिरफळी चिकटवून उंच करा, लाज वाटून घेऊ नका. रात्री दिवे मालवून हे काम करायला मजा येते. घरचे वेड्यात काढतात, ते सोडा.

माझ्या पाहण्यातल्या किटांत तळ एकाच सपाट प्लायचा असतो, तो आधी बसतो. तळ आणि बाजू जिथे कोनात मिळतात त्या कडेला चाईन म्हणतात. ही कड टोकदार आणि सलग दिसली पाहिजे. नवशिका पॉलिश पेपर फिरवता फिरवता तिला गोल करून टाकतो, आणि मग बार्ज साबणाच्या वडीसारखी दिसते.

बाजूच्या पट्ट्या डेकच्या रेघेपासून खाली लावत या, आणि एक डावीकडे लावली की लगेच एक उजवीकडे. एकाच बाजूच्या चार लावून मोकळे झालात तर ओल्या गोंदाच्या ताणानं कणा तिकडे ओढला जातो. मधल्या भागात पट्ट्या भराभर बसतात. तिथे बार्ज म्हणजे पेटीच आहे. नाळेकडे मात्र ती एकदम फुगून आत वळते. तिथे पट्टीच्या टोकाची चार-पाच इंच लांबी थर्मासमध्ये कढत पाण्यात पंधरा मिनिटं उभी ठेवा. मग तेवढ्याच गोलाईच्या डब्याला सुतळीनं बांधून रात्रभर वाळवा. ओली पट्टी तशीच चिकटवू नका, वाळताना ती रुंदीत आकसते आणि दोन पट्ट्यांत फट पडते. दुसरं म्हणजे, पुढे जागा कमी असते आणि पट्ट्या तितक्याच रुंद, म्हणून टोकाकडे प्रत्येक पट्टी निमुळती करावी लागते. मधल्या फासळीवर जितक्या पट्ट्या बसतात तितक्याच पहिल्या फासळीवर बसवायच्या, तेव्हा तिथली उंची त्या संख्येनं भागा आणि तेवढी रुंदी ठेवा. अर्ध्यापेक्षा जास्त निमुळती करायची वेळ आली तर टोक सुईसारखं होऊन तुटतं. तिथे एक पट्टी मध्येच संपवून शेजारच्या दोघींना जवळ आणायचं.

किटबरोबर पितळी खिळे येतात. ते अर्धेच ठोका आणि गोंद वाळला की पकडीनं उपटून टाका. एक मिलिमीटर डोक्याचा खिळा म्हणजे खऱ्या बोटीवर अडीच इंची डोक्याचा खिळा झाला. असा खिळा कुठल्या लोहारानं केला? फटी उरल्या तर लांबी (पुटी) भरा. हल शेवटी काळाच रंगवायचा आहे, तेव्हा बुजवाबुजवीला वाव आहे, हाही बार्जचा एक उपकार.

डेकच्या फळ्यांना डांबराच्या रेघा दाखवायला प्रत्येक पट्टीच्या एका कडेवर मऊ पेन्सिल फिरवली की पुरे. काळा धागा वगैरे भरायच्या फंदात पडू नका. हॅच, म्हणजे माल भरायची डेकमधली तोंडं, दोन: एक लहान, डोलकाठीच्या पुढे, एक मोठी, मागे. त्यांच्या झाकणांवर ताडपत्री दाखवायची असेल तर टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून पसरा आणि काळपट हिरवा किंवा काळा रंग द्या. नाळेपाशी विंडलास, म्हणजे आडवा रहाट. हा नांगर उचलायला, आणि आणखी एका कामाला, ते पुढे येतं. डेकवर आडव्या दोन भक्कम दांड्या दिसतील, एक पुढे आणि एक हॅचच्या मागे. त्यांना तिकडे 'हॉर्स' म्हणतात. शिडाच्या खालच्या कोपऱ्याची कडी या दांडीवरून डावीकडून उजवीकडे आपोआप सरकते. बोट वळवताना शीड इकडून तिकडे न्यायला तिसरा माणूस कुठून आणणार? तेव्हा ही कडी दांडीला चिकटवू नका, सरकती ठेवा. बघणाऱ्याला सांगायला एक गोष्ट होते.

मग लीबोर्ड. बोटीच्या दोन्ही अंगांना सुपासारखे मोठे पंखे लटकलेले दिसतात तेच. सपाट बुडाची बोट वाऱ्यानं आडवी घसरत जाते, म्हणून वारा जिकडे ढकलतो त्या बाजूचा पंखा पाण्यात सोडायचा. पुढच्या टोकाला एका खिळ्यावर तो फिरतो आणि मागच्या टोकाची साखळी-तार डेकच्या मागच्या भागातल्या छोट्या रहाटाकडे जाते, सुकाणूवाल्याच्या हाताशी. बघा, पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. किटमधले लीबोर्ड एकाच जाडीच्या प्लायचे असतात. पुढची कड गोल आणि मागची पातळ घासा, फळ्यांचे सांधे टोच्यानं हलके ओढा. आणि दोन्ही एकाच पातळीत लटकवू नका. एक वर, एक खाली असू द्या. दोन्ही वर ठेवायचे तर बोट धक्क्याला उभी आहे असं समजून बाकीचं सगळं तसं करा.

रंगाबद्दल फार सांगत नाही. हल काळा, पण बाटलीतला गडद काळा नको. त्यात थोडा राखाडी मिसळा, नाहीतर मॉडेल प्लॅस्टिकचं वाटतं. नाळेवरचं आणि मागच्या फळीवरचं नाव, त्याभोवतीची सोनेरी वेलबुट्टी, ही बार्जवाल्यांची हौस होती, तीत कंजुषी करू नका. या लोकांना आपल्या बोटीचा अभिमान होता. लंडनचा कचरा वाहून श्रीमंत झालेल्या हेन्री डॉडनं १८६३ साली बार्जच्या शर्यती सुरू केल्या, आणि त्यानंतर मालवाहू बोटीसुद्धा चपळ आणि देखण्या व्हायला लागल्या.

आता डोलकाठी, आणि माझं सगळ्यात आवडतं काम. कोकणातल्या मचव्याचं शीड परबाणाला बांधलेलं असतं. इथे परबाण नाही. डोलकाठीच्या बुडापासून तिरकस वर जाणारी एक लांब काठी असते, तिला स्प्रिट म्हणतात. शिडाचं वरचं मागचं टोक ती उचलून धरते. खरी सुमारे साठ फुटांची, म्हणजे तुमच्या मॉडेलवर साडेअठ्ठावीस सेंटीमीटर. मोठं शीड उतरवायचं असेल तर ते खाली आणत नाहीत. पडदा बाजूला सारावा तसं दोऱ्या ओढून डोलकाठीकडे गोळा करतात. या दोऱ्यांना ब्रेल म्हणतात. स्प्रिट जागच्या जागी वरच राहते आणि डेक माल चढवायला मोकळा. स्प्रिटच्या शेंड्यापासून मागे डेकच्या दोन्ही कोपऱ्यांकडे दोन दोर येतात, ते व्हँग. ती साठ फुटी काठी वाऱ्यावर मोकाट झुलू नये म्हणून. मॉडेलवर हे दोन दोर सैल राहिले तर सगळी बोट लुळी दिसते.

माझा सल्ला: डोलकाठी चिकटवू नका. खऱ्या बार्जची डोलकाठी डेकवरच्या एका उभ्या पेटीत, बिजागरीसारख्या खिळ्यावर उभी असते. पूल आला की पुढचा ताणदोर विंडलासवरून हळूहळू सोडायचा, डोलकाठी, स्प्रिट, शिडं सगळं मागे आडवं करायचं, पुलाखालून निघायचं आणि पलीकडे पुन्हा रहाट फिरवून उभं करायचं. मेडवे नदीवर रॉचेस्टरच्या पुलापाशी या कामात मदत करणारी माणसं असायची, त्यांना हफलर म्हणत. तुम्हीही तसंच ठेवा. पेटीतून आरपार पितळी तार घाला आणि पुढचा दोर विंडलासवर गुंडाळा. मॉडेल रिक्षातून नेताना, धूळ झटकताना, कपाटात ठेवताना डोलकाठी आडवी करता येते. शिवाय बऱ्याचशा दोऱ्या डोलकाठी टेबलावर ठेवून सावकाश बांधता येतात. बोटीवर उभ्या डोलकाठीशी चिमट्यानं झटापट करण्यापेक्षा हे शंभर पटींनी सोपं.

किटमधली दोरी बहुतेक वेळा जाड असते. गणित सोपं: मॉडेलवरच्या दोरीची जाडी गुणिले ६४. एक मिलिमीटरची दोरी म्हणजे मनगटाएवढा दोरखंड. तो ओढायला दोन माणसं कशी पुरतील? ओढायच्या दोऱ्या पाव मिलिमीटरच्या, पिवळसर खाकी. डोलकाठीला ताणून धरणारे दोर, जे पुढच्या काळात लोखंडी तारेचे झाले, ते अर्ध्या मिलिमीटरचे आणि काळे. दोरी लावण्यापूर्वी मधमाशीच्या मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढा, म्हणजे तंतू बसतात आणि धूळ कमी धरते. आधी डोलकाठीचे ताण, मग स्प्रिट आणि तिच्या बुडाची साखळी, मग शीड आणि ब्रेल, सगळ्यात शेवटी व्हँग. व्हँग आधी लावलेत तर बाकीच्या प्रत्येक दोरीला तुमचं मनगट त्यांच्यात अडकणार.

शिडं लावा, जरूर लावा. शिडांशिवाय बार्ज म्हणजे कुंकवाशिवाय कोल्हापूरची अंबाबाई. या शिडांचा रंग जगप्रसिद्ध आहे: तांबूस तपकिरी. जवसाच्या धाग्याचं कापड कुजू नये म्हणून त्यावर लाल माती, माशाचं तेल आणि समुद्राचं पाणी यांचं मिश्रण चोपडायचे. ती लाल माती म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपला गेरू. तुळशी वृंदावनाला लावतात तोच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा किटमधली लाल रंगाची बाटली बाजूला ठेवली आणि कुंभारगल्लीत जाऊन दहा रुपयांचा गेरू आणला.

कापड जुन्या मलमलीचं किंवा बारीक विणीच्या कॅम्ब्रिकचं घ्या आणि कढत पाण्यात उकळून खळ काढून टाका. गेरू दोनदा वस्त्रगाळ करा. एक खडा राहिला तरी शिडावर फराटा उठतो. वाटीभर पाण्यात दोन चमचे गेरू, अर्धा चमचा फेविकॉल आणि चिमूटभर काळा रंग. कापड बुडवा, पिळू नका, दोरीवर सावलीत वाळत घाला. मधूनमधून रंग कमी-जास्त होईल, तो तसाच राहू द्या. खऱ्या शिडांवरही दर काही महिन्यांनी नवा थर बसायचा आणि ती कधीच एकसारखी नसत. हलक्या हवेत लावायची पुढची शिडं बऱ्याचदा पांढरीच असत. जवसाचं तेल मात्र वापरू नका, अस्सलपणाच्या हौसेखातरही नाही. ते महिनोन् महिने चिकट राहतं, आणि तेलाचं फडकं बोळा करून टाकलं तर आपोआप तापून पेट घेऊ शकतं.

शिवणकामाचा मोह टाळा. माझ्या दुसऱ्या बार्जची शिडं बायकोनं मशीनवर इतकी सुरेख शिवली की मला नाही म्हणवेना. पण मशीनचा दोन मिलिमीटरचा टाका म्हणजे खऱ्या शिडावर पाच इंची टाका. गोधडी दिसते. तिसऱ्या वेळी मी कापडावर साडेनऊ मिलिमीटरच्या अंतरानं टोकदार पेन्सिलीनं रेघा ओढल्या, खऱ्या कापडाच्या दोन फुटी पन्ह्याच्या हिशेबानं, आणि कडा गोंदानं दुमडल्या. ती शिडं बायकोलाही जास्त आवडली, पण हे तिनं दोन वर्षांनी कबूल केलं.

पहिल्या मॉडेलसाठी मोठं शीड ब्रेल ओढून गोळा केलेलं दाखवा. पूर्ण उघडलेल्या शिडाला वाऱ्याचा फुगवटा द्यावा लागतो, आणि तो नवख्याच्या हातून पापडासारखा येतो. गोळा केलेल्या शिडात एक खोच आहे: आपलं कापड प्रमाणापेक्षा कितीतरी जाड, त्यामुळे पूर्ण आकाराचं शीड गोळा केलं की डोलकाठीला गादी बांधल्यासारखं होतं. म्हणून रुंदी दोन तृतीयांशच कापा. डोलकाठीच्या शेंड्याकडचं शीड, टॉपसेल, हवं तर उघडं ठेवा. नदीकाठच्या गोदामांनी खालचा वारा अडवला की खरे बार्जवालेही मोठं शीड गोळा करून नुसत्या टॉपसेलवर सरकत, कारण वारा इमारतींच्या वरच मिळायचा. मागचं छोटं शीड, मिझन, त्याची दोरी सुकाणूच्या पात्याला बांधलेली असते. ती डेकवर बांधू नका, बऱ्याच जणांची ही चूक होते. सुकाणू वळलं की शीडही त्याच्याबरोबर वळून बोट फिरवायला हातभार लावतं.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो होतो तेव्हा एसेक्समधल्या माल्डनच्या हाइथ धक्क्यावर ओहोटीच्या वेळी तासभर उभा राहिलो. खऱ्या बार्ज चिखलात बसल्या होत्या, ताठ, कुणाच्याही खाली बसचं तिकीट नव्हतं. मी वाकून चाईन बघत होतो. शेजारी उभ्या असलेल्या जावयाला वाटलं, सासऱ्यांचं काहीतरी पडलं.

वेळेचं विचारलंत. मला तिसऱ्या बार्जला सुमारे तीनशे तास लागले. तुम्ही रोज संध्याकाळी दीड तास बसलात आणि पावसाळ्यात सांगाड्याचं काम थांबवलंत तरी वर्षभरात व्हावी. पट्ट्या एक-दोन तुटतील, किटमध्ये जादा असतात. कमी पडल्या तर सागाच्या लाकडाच्या पट्ट्या कुठलाही सुतार काढून देईल, आणि काळ्या रंगाखाली साग की लिंडनचं परदेशी लाकूड हे कुणाच्या बापाला कळत नाही.

पट्ट्या चढवायच्या आधी एक करा. सांगाडा ग्रॅनाइटवर ठेवून त्या दोन आडव्या पट्ट्यांसकट एक फोटो बरोबर समोरून आणि एक मागून काढा, कॅमेरा फासळ्यांच्या पातळीत ठेवून. दोन्ही मला पाठवा. पीळ असला तर तेव्हा निघतो. डेक बसल्यावर तिकिटंच शोधावी लागतात.